क्रोशाचा पांडा

क्रोशाचा पांडा हे क्रोशाच्या एकाच सुईने लोकर किंवा सुती दोरा विणून व आत मऊ भरण घालून तयार केलेले लहान खेळणे होय. त्याची उंची साधारणपणे १० ते २० सेंटीमीटर असते. अशा भरीव विणलेल्या खेळण्यांचा प्रकार जपानमधून जगभर पसरला असून तो आमिगुरुमी या नावाने ओळखला जातो. महाराष्ट्रात नाशिक, पुणे, मुंबई यांसारख्या शहरांत अशी खेळणी प्रामुख्याने घरगुती स्तरावर केली व विकली जातात.

क्रोशाचा टाका औद्योगिक प्रमाणावर यंत्राने घालता येत नाही. त्यामुळे खरा क्रोशाचा पांडा, तो कोणत्याही देशातला असो, कोणीतरी हाताने, टाके मोजत विणलेला असतो. या खेळण्याचा आकार, त्याची सुरक्षितता आणि त्याच्या किमतीविषयीचा वाद, या तिन्ही गोष्टी याच वस्तुस्थितीशी निगडित आहेत.

नाव आणि संज्ञा

क्रोशे हा मूळ फ्रेंच शब्द असून त्याचा अर्थ 'लहान आकडा' असा आहे. मराठीत क्रोशा आणि क्रोशे ही दोन्ही रूपे रूढ आहेत. ज्या साधनाने विणतात त्याला टोकाशी आकडा असला तरी मराठीत त्याला सहसा क्रोशाची सुई असेच म्हणतात. आमिगुरुमी हा शब्द जपानी भाषेतील 'आमि' म्हणजे विणलेले आणि 'नुइगुरुमी' म्हणजे भरण घातलेली शिवलेली बाहुली या दोन शब्दांच्या जोडणीतून तयार झाला आहे.

क्रोशाच्या टाक्यांना मराठीत स्वतंत्र नावे आहेत. साध्या फासांच्या ओळीला साखळी म्हणतात. सुईवर दोऱ्याचा वेढा घेऊन विणलेल्या उभ्या टाक्याला खांब, त्याहून बुटक्याला अर्धा खांब, आणि वेढा न घेता विणलेल्या सर्वांत ठेंगण्या टाक्याला मुका खांब म्हणतात. खेळण्यांसाठी जवळजवळ सर्वत्र मुका खांबच वापरला जातो. ही मराठी नावे एका बाबतीत इंग्रजी नावांपेक्षा सोयीची आहेत. अमेरिकी पुस्तकात ज्याला 'सिंगल क्रोशे' म्हणतात त्यालाच ब्रिटिश पुस्तक 'डबल क्रोशे' म्हणते. त्यामुळे कोणत्या देशाचा नमुना आहे हे न पाहता विणायला घेतल्यास खेळण्याच्या जागी जाळीदार पिशवी तयार होण्याचा संभव असतो. मुका खांब म्हटल्यावर असा घोटाळा उरत नाही.

इतिहास

आज ज्याला क्रोशाचे विणकाम म्हणतात ते युरोपात एकोणिसाव्या शतकात रूढ झाले. त्याचे छापील नमुने १८२३ पासून 'पेनेलोपे' या डच नियतकालिकात आढळतात. आयर्लंडमध्ये १८४५ नंतर बटाट्याच्या पिकावर रोग पडून भीषण दुष्काळ आला, तेव्हा क्रोशाची लेस विणणे हे अनेक कुटुंबांचे उपजीविकेचे साधन झाले. हे काम तेथे मठांतील जोगिणींनी शिकवले. दारिद्र्य, स्त्रिया आणि क्रोशा यांचा हा संबंध पुढे भारतातही दिसून येतो.

भारतात हे विणकाम मुख्यतः ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या मार्फत आले. त्याचे सर्वांत मोठे केंद्र आंध्र प्रदेशातील पश्चिम गोदावरी जिल्ह्यात नरसापूर येथे आहे. तेथे एका स्कॉटिश मिशनरी दांपत्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास स्थानिक स्त्रियांना लेस विणण्यास शिकवले, असे मानले जाते. नाशिक जिल्ह्यात त्र्यंबकेश्वरजवळ उगम पावणारी गोदावरी सुमारे १,४६५ किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागरास मिळते, आणि तिच्या मुखाकडील एका शाखेच्या काठी हे गाव वसले आहे. हा केवळ भूगोलाचा योगायोग असला तरी नाशिकच्या वाचकाला तो लक्षात ठेवण्यास सोपा आहे. नरसापूरच्या क्रोशे लेसला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांत क्रोशा आला तो प्रामुख्याने सजावट आणि बाळंतविड्याच्या रूपाने. दारावरचे तोरण, टेबलावरचा रुमाल, बाळाचे टोपरे व मोजे, ताटाभोवतीची महिरप या वस्तू पिढ्यान्‌पिढ्या विणल्या गेल्या. शाळांतील कार्यानुभवाच्या तासालाही शिवण व विणकाम असे. खेळणी मात्र या परंपरेत फारशी नव्हती. मुलींच्या खेळात लाकडी ठकी किंवा चिंध्यांची बाहुली असे, आणि विकतची लाकडी खेळणी म्हटली की सावंतवाडीचे नाव निघे. विणलेले प्राणी अलीकडचे आहेत.

जपानमध्ये आमिगुरुमीचा प्रसार १९७० च्या दशकात, गोंडस वस्तूंच्या तेथील लाटेबरोबर झाला. जपानबाहेर तो मुख्यतः इंटरनेटमुळे पोहोचला. २००७ मध्ये सुरू झालेल्या 'रॅव्हलरी' या विणकामप्रेमींच्या संकेतस्थळाने नमुन्यांची देवाणघेवाण सोपी केली. भारतातील हौशी विणकरणींचे गटही समाजमाध्यमांवरच जमले. चेन्नई येथे जानेवारी २०१६ मध्ये अशाच एका गटाने देशभरातून विणून आलेले तुकडे जोडून ११,१४८.५ चौरस मीटरचे क्रोशाचे पांघरूण तयार केले व गिनेस विक्रम नोंदवला.

पांडाचे रूप

महाकाय पांडा हा केवळ चीनमध्ये, मुख्यतः सिचुआन प्रांताच्या डोंगराळ भागातील बांबूच्या वनांत आढळणारा अस्वलाच्या कुळातील प्राणी आहे. भारतात तो आढळत नाही; सिक्कीम, अरुणाचल प्रदेश आणि दार्जिलिंगच्या डोंगरांत राहणारा तांबडा पांडा हा वेगळ्या कुळातला, मांजरापेक्षा थोडा मोठा प्राणी आहे. खेळण्यांच्या जगात महाकाय पांडाचा प्रवेश १९३६ च्या अखेरीस झाला, असे म्हणता येईल. त्या वर्षी रूथ हार्कनेस यांनी 'सु-लिन' हे पांडाचे पिल्लू चीनमधून अमेरिकेत नेले आणि त्यानंतर भरीव पांडांची मागणी वाढली. १९६१ मध्ये जागतिक वन्यजीव निधीने पांडा हे आपले बोधचिन्ह निवडले. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०१६ मध्ये या प्राण्याला 'संकटग्रस्त' गटातून काढून त्याहून कमी धोक्याच्या 'असुरक्षित' गटात ठेवले.

विणणाऱ्याच्या दृष्टीने पांडा सोयीचा प्राणी आहे. त्याला दोनच रंग लागतात, त्याचे सर्व अवयव गोल किंवा नळीसारखे असतात, आणि विणीत थोडी चूक झाली तरी तो ओळखू येतो. वाघ किंवा मोर यांच्याबाबत असे म्हणता येत नाही.

तरीही काही चुका फार सर्रास आढळतात. खऱ्या पांडाच्या पुढच्या पायांचा काळा रंग खांद्यावरून पट्ट्यासारखा पाठीवर जातो. म्हणून खेळण्याच्या धडाचा वरचा भागही काळा हवा. केवळ पांढऱ्या धडाला काळे हात शिवले की ते अस्वलाला हातमोजे घातल्यासारखे दिसते. शेपूट पांढरी असते, काळी नव्हे. डोळ्यांभोवतीचे डाग गोल नसून थेंबाच्या आकाराचे, बाहेरच्या बाजूस खाली उतरणारे असतात. पांडाचा चेहरा किंचित खिन्न आणि म्हणूनच लोभस वाटतो तो या उतारामुळे.

चेहऱ्याच्या मोहकपणाचे एक शास्त्रीय स्पष्टीकरणही आहे. ऑस्ट्रियन प्राणिशास्त्रज्ञ कोनराड लोरेन्ट्स यांनी १९४३ मध्ये मांडले की मोठे डोके, उंच कपाळ, खालच्या बाजूस असलेले मोठे डोळे आणि आखूड नाक ही बालकाची लक्षणे पाहताच माणसाच्या मनात वात्सल्य जागे होते. आमिगुरुमीत डोके धडाएवढे किंवा त्याहून मोठे का करतात आणि डोळे डोक्याच्या मध्यरेषेखाली का लावतात, हे यावरून समजते.

साहित्य

लोकर हा शब्द मराठीत आता मेंढीच्या केसांपुरता राहिलेला नाही. दुकानात लोकरीचा गुंडा म्हणून मिळतो तो बहुधा अ‍ॅक्रिलिक या कृत्रिम तंतूचा असतो. तो स्वस्त, हलका, पक्क्या रंगाचा असतो व लवकर वाळतो. सुती दोऱ्याचे टाके अधिक स्पष्ट उमटतात आणि उन्हाळ्यात तो हाताला चिकट लागत नाही, पण तो ताणला जात नसल्याने नवशिक्याची बोटे दुखतात. पांडासाठी मध्यम जाडीची पांढरी व काळी लोकर प्रत्येकी एक गुंडा पुरेशी होते.

सुई मात्र गुंड्याच्या वेष्टनावर सुचवलेल्या क्रमांकापेक्षा लहान, सहसा अडीच ते साडेतीन मिलिमीटरची घ्यावी लागते. स्वेटर विणताना कापड मऊ व सैल हवे असते. खेळण्यात मात्र टाक्यांच्या फटींतून आतले भरण दिसता कामा नये. भरणासाठी पॉलिएस्टरचे कुरळे तंतू वापरतात, ज्यांना एका उत्पादनाच्या नावावरून बाजारात रेक्रॉन म्हणण्याची पद्धत पडली आहे. उशीचा जुना कापूस भरल्यास धुतल्यानंतर त्याचे गोळे होतात. याखेरीज मोठ्या नेढ्याची बोथट सुई, कात्री आणि फेरीची सुरुवात ओळखण्यासाठी एखादी खूण लागते. वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा तुकडाही या कामी चालतो.

गोलाचे गणित

सुया घेऊन केलेल्या विणकामात अनेक फासे एकाच वेळी सुईवर असतात. क्रोशात सुईवर सहसा एकच फास जिवंत असतो. त्यामुळे कुठल्याही दिशेला वळता येते, कुठेही टाका वाढवता किंवा घटवता येतो आणि शिवण न घालता बंद गोल विणता येतो. आमिगुरुमीचे सर्व तंत्र या एका सोयीवर उभे आहे.

बहुतेक नमुन्यांत पहिल्या फेरीत सहा टाके असतात. दोऱ्याचे एक सरकते वळे करून, ज्याला विणणाऱ्या मॅजिक रिंग म्हणतात, त्यात सहा मुके खांब विणतात आणि दोरा ओढून मधले छिद्र बंद करतात. पुढच्या प्रत्येक फेरीत सहा टाके वाढतात: ६, १२, १८, २४, ३०, ३६. हा सहाचा आकडा परंपरेने ठरलेला वाटतो, पण त्याला भूमितीचा आधार आहे. मुक्या खांबाची रुंदी व उंची जवळजवळ सारखी असते. ती एक एकक धरली तर प्रत्येक नव्या फेरीने वर्तुळाची त्रिज्या एका एककाने वाढते. वर्तुळाचा परीघ त्रिज्येच्या २π पट, म्हणजे सुमारे ६.२८ पट असल्याने परीघ प्रत्येक फेरीला ६.२८ एककांनी वाढायला हवा. पूर्ण टाक्यांत याला सर्वांत जवळची संख्या सहा. उंच खांबांनी विणलेल्या रुमालात फेरीला बारा किंवा त्याहून अधिक टाके का वाढवावे लागतात, याचे उत्तरही हेच: टाका उंच असला की त्रिज्या एकाच फेरीत जास्त वाढते.

सहाऐवजी चार टाके वाढवले तर चकती सपाट न राहता वाटीसारखी वर उचलली जाते. आठ किंवा दहा वाढवले तर कडेला झालर पडू लागते. कॉर्नेल विद्यापीठातील गणितज्ञ डायना टाइमिना यांनी १९९७ मध्ये याच झालरीचा उपयोग करून अतिपरवलयी भूमितीतील पृष्ठांच्या टिकाऊ प्रतिकृती विणल्या. तोपर्यंत विद्यार्थ्यांना हे पृष्ठ दाखवण्यासाठी कागदाच्या सहज फाटणाऱ्या प्रतिकृती वापरत. ज्या चुकीमुळे रुमाल वाया गेला असे म्हटले जाते, तीच मोजून केल्यास गणिताचा धडा ठरते.

पांडाच्या डोक्यासाठी ३६ टाक्यांपर्यंत वाढवून, मग न वाढवता न घटवता सहा फेऱ्या विणतात आणि ३०, २४, १८, १२, ६ अशा उतरत्या क्रमाने गोल बंद करतात. एकूण फेऱ्या सतरा होतात. गणिती गोलात विषुववृत्त ३६ एककांचे असेल तर ध्रुवापासून ध्रुवापर्यंतचे पृष्ठावरील अंतर त्याच्या निम्मे, म्हणजे १८ एकके असते. फरक केवळ एका फेरीचा आहे. क्षेत्रफळानेही पडताळा घेता येतो: गोलाचे क्षेत्रफळ परिघाच्या वर्गाला π ने भागल्यास मिळते, म्हणजे १,२९६ भागिले ३.१४, सुमारे ४१३ चौरस एकके. आणि वरील नमुन्यातील टाक्यांची बेरीज ४३२ येते. ज्यांनी हे नमुने प्रथम बसवले त्यांनी गणित मांडले असेलच असे नाही. विणून, उसवून, पुन्हा विणून हात त्याच उत्तरापाशी पोहोचतो.

कृती

वाढवताना एकाच टाक्यात दोन मुके खांब विणतात. घटवताना दोन टाक्यांचा एक करतात. त्यासाठी दोन्ही टाक्यांचे फक्त पुढचे धागे सुईवर घेतल्यास घट बाहेरून दिसत नाही. वाढवण्याच्या जागा दर फेरीत एकावर एक आल्या तर गोलाऐवजी षटकोन तयार होतो, म्हणून जाणत्या विणकरणी त्या एकाआड एक फेरीत सरकवतात. फेऱ्या जोडत नाहीत, त्या गोगलगाईच्या शंखाप्रमाणे सलग चढत जातात. अशा विणीत फेरी कुठे सुरू झाली हे नजरेला कळत नाही, त्यामुळे खूण न लावणाऱ्याला हमखास उसवावे लागते.

धड तळापासून विणतात. ३० टाक्यांपर्यंत वाढवून सहा फेऱ्या सरळ पांढऱ्या, मग घटवून २४ टाक्यांच्या तीन फेऱ्या व १८ टाक्यांच्या दोन फेऱ्या काळ्या, अशी एक साधी रचना आहे. रंग बदलताना जुन्या रंगाचा शेवटचा टाका जुन्याच दोऱ्याने पुरा केला तर रंगाच्या सीमेवर पायरी दिसते. त्या टाक्याचा अखेरचा वेढा नव्या रंगाचा ओढावा लागतो. हात व पाय म्हणजे १२ टाक्यांच्या लहान काळ्या नळ्या. कान ६, १२, १२ अशा तीन फेऱ्यांत होतात. डोळ्यांभोवतीच्या डागांसाठी दोन फेऱ्यांची काळी चकती विणून एका बाजूस एखादा उंच खांब घातला की तिला थेंबाचा आकार येतो.

सर्व भागांची बेरीज सुमारे १,३०० टाके होते. टाक्याची रुंदी पाच मिलिमीटर धरल्यास डोक्याचा व्यास पावणेसहा सेंटीमीटर आणि बसलेल्या पांडाची उंची सुमारे बारा सेंटीमीटर येते.

विणणे हा या कामाचा सोपा भाग आहे, असे अनुभवी विणकरणी सांगतात. भाग जोडणे अधिक कठीण. कान दोन टाके पुढेमागे झाले तरी पांडाचा उंदीर होतो. म्हणून सर्व भाग आधी टाचण्या लावून बसवून पाहतात, मगच शिवतात. मान हा सर्वांत कच्चा दुवा असल्याने तेथे भरण दाबून घालतात. अन्यथा काही दिवसांत डोके एका बाजूला कलते.

सुरक्षितता

हाताने विणलेले खेळणे मऊ असते म्हणून ते निर्धोक असतेच असे नाही. मुख्य धोका डोळ्यांचा आहे. मणी, बटणे किंवा मागून चकती अडकवून बसवलेले प्लॅस्टिकचे डोळे ओढून निघू शकतात आणि लहान मूल ते गिळते किंवा ते श्वासनलिकेत अडकतात. खेळण्यांच्या चाचणीत लहान भाग ओळखण्यासाठी ३१.७ मिलिमीटर व्यासाचे, तीन वर्षांखालील मुलाच्या घशाचा अंदाज देणारे एक नळकांडे वापरतात. जो सुटा भाग त्यात पूर्ण मावतो तो या वयाच्या मुलांसाठी धोकादायक ठरतो. आमिगुरुमीत वापरले जाणारे जवळजवळ सर्व डोळे त्यात सहज मावतात. त्यांना बाजारात 'सेफ्टी आय' म्हणतात, पण ते नाव फसवे आहे. क्रोशाचे कापड ताणले जाते आणि टाक्यांची फट रुंदावली की मागची चकतीही त्यातून बाहेर येऊ शकते. तीन वर्षांखालील मुलासाठी डोळे दोऱ्याने भरतकाम करूनच काढणे योग्य. एक वर्षाखालील बाळ झोपलेले असताना त्याच्याजवळ कोणतेच भरीव खेळणे ठेवू नये, असा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला असतो, कारण ते तोंडावर येऊन गुदमरण्याचा धोका असतो. अ‍ॅक्रिलिक लोकर पेट घेते व वितळून कातडीला चिकटते, त्यामुळे पणत्या लावल्या असतील तेथे असे खेळणे सजावटीला ठेवू नये.

भारतात खेळण्यांविषयीचा गुणवत्ता नियंत्रण आदेश १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. त्यानुसार चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आवश्यक झाले. डिसेंबर २०२० मधील एका दुरुस्तीने यातून काही सूट दिली: वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या हस्तशिल्प विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी स्वतः बनवून विकलेली खेळणी आणि भौगोलिक मानांकन मिळालेल्या खेळण्यांचे नोंदणीकृत उत्पादक या आदेशाच्या कक्षेबाहेर आहेत. घरबसल्या पांडा विणून समाजमाध्यमावर विकणाऱ्या व्यक्तीला ही सूट नोंदणीशिवाय आपोआप मिळत नाही, ही गोष्ट अनेकदा दुर्लक्षित राहते. आणि सूट मिळाली तरी चाचणीची जबाबदारी नाहीशी होत नाही. ती पूर्णपणे विणणाऱ्या हातांवर येते.

श्रम आणि किंमत

वस्त्रोद्योगात 'क्रोशे मशीन' या नावाची यंत्रे आहेत, मात्र ती ताण्याच्या धाग्यांचे फासे गुंफून लेसपट्ट्या बनवतात. दिसायला क्रोशासारखी असली तरी ती वीण वेगळी असते. खऱ्या क्रोशात सुई प्रत्येक वेळी आधीच्या कापडातील नेमक्या जागी कोनात शिरवावी लागते, आणि हे काम करणारी यंत्रे अद्याप प्रयोगशाळेच्या पातळीवरच आहेत. त्यामुळे एखाद्या मोठ्या दुकानात क्रोशाची वस्तू फार स्वस्तात दिसते, तेव्हा तिच्यामागेही कोणाचे तरी हात असतात. कमी झालेली असते ती केवळ त्या हातांची मजुरी.

या प्रश्नाचा भारतातील सर्वांत परिचित अभ्यास नरसापूरचाच आहे. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांचे तेथील लेस विणणाऱ्या स्त्रियांवरील पुस्तक १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले. जागतिक बाजारपेठेसाठी रोज कित्येक तास लेस विणणाऱ्या या स्त्रिया कामगार म्हणून मोजल्या जात नव्हत्या. त्या घरी बसून फावल्या वेळात काहीतरी विणणाऱ्या गृहिणी समजल्या जात. नगावर मिळणारी मजुरी शेतमजुरीहूनही कमी होती आणि नफा व्यापारी व निर्यातदारांकडे जात होता. कामाला 'फावल्या वेळचा उद्योग' म्हटले की त्याचे मोल कमी करणे सोपे जाते, या प्रक्रियेला मीस यांनी गृहिणीकरण असे नाव दिले.

क्रोशाच्या पांडाला हे गणित लावून पाहता येते. मिनिटाला दहा टाके धरले तर १,३०० टाक्यांना दोन तास दहा मिनिटे लागतात. भरणे, जोडणे, डोळे-नाक काढणे व दोऱ्याची टोके आत दडवणे यांत आणखी दोन तास सहज जातात. समजा असा पांडा ४०० रुपयांना विकला आणि लोकर, भरण व वेष्टन यांवर १०० रुपये खर्च झाले, तर उरलेले ३०० रुपये सव्वाचार तासांचे आहेत, म्हणजे तासाला सुमारे ७० रुपये. त्यात प्रदर्शनातील गाळ्याचे भाडे, टपालखर्च आणि न विकलेला माल धरलेला नाही. 'एवढ्याशा बाहुलीचे चारशे रुपये?' हा ग्राहकाचा प्रश्न आणि विणणारीचे नुकसान, दोन्ही एकाच वेळी खरे असतात. प्लॅस्टिकच्या किंवा यंत्रावर शिवलेल्या पांडाशी त्याची तुलना होत राहते तोवर या दोहोंत मेळ बसणे अवघड आहे. हौसेसाठी विणणाऱ्या व्यक्ती केवळ लोकरीचा खर्च वसूल झाला की समाधानी असतात. त्यांच्या दरामुळे उपजीविकेसाठी विणणाऱ्यांचे दरही खाली ओढले जातात, ही तक्रार या क्षेत्रात वारंवार ऐकू येते.

नाशिक व परिसरात

नाशिक जिल्ह्याची वस्त्रपरंपरा प्रामुख्याने मागाची आहे: येवल्याची पैठणी हातमागावर आणि मालेगावचे कापड यंत्रमागावर विणले जाते. मागावर ताणा आणि बाणा असे दोन सुतांचे संच लागतात, मागाला जागा लागते आणि पैठणीसारखे काम शिकायला वर्षे जातात. क्रोशाला एक दोरा, एक सुई आणि मांडी पुरते. या कामात शिरण्याची वाट इतकी सोपी आहे, म्हणूनच ते घरातल्या घरात, स्वयंपाक आणि मुलांच्या शाळेच्या वेळा सांभाळून करता येते; आणि याच कारणाने त्याला पैठणीसारखी प्रतिष्ठा किंवा संघटित बाजारपेठ लाभलेली नाही.

लोकरीशी मात्र या शहराचा जुना परिचय आहे. महाराष्ट्रातील इतर अनेक शहरांच्या मानाने नाशिकची थंडी कडक असते आणि जवळच्या निफाडचे किमान तापमान काही वर्षी पाच अंशांच्याही खाली उतरते. त्यामुळे स्वेटर, कानटोप्या, बाळांची झबली विणण्याची सवय घरोघरी होती. शरणपूर रस्त्यावरील तिबेटी बाजारात तयार गरम कपडे स्वस्त मिळू लागल्यावर घरी स्वेटर विणण्याचे प्रयोजन कमी झाले. तोरणे, महिरपी आणि खेळणी यांना असा तयार पर्याय सहज मिळत नाही, त्यामुळे विणणाऱ्या हातांना त्यांत वाव राहिला. विक्रीसाठी महिला बचत गटांची प्रदर्शने, दिवाळी व गणेशोत्सवापूर्वीचे ग्राहक मेळावे आणि समाजमाध्यमे हे मुख्य मार्ग आहेत. राज्य पातळीवर १९७५ मध्ये स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ आणि 'उमेद' हे ग्रामीण जीवनोन्नती अभियान बचत गटांच्या मालाला बाजारपेठ मिळवून देण्याचे काम करतात.

निगा

अ‍ॅक्रिलिक लोकरीचा पांडा कोमट पाण्यात सौम्य साबणाने हाताने धुता येतो. पहिल्या धुण्यापूर्वी काळ्या लोकरीचा तुकडा ओल्या पांढऱ्या कापडावर घासून रंग जातो का ते पाहावे. पांढऱ्या डोक्यावर उतरलेली राखाडी छटा नंतर निघत नाही. धुतल्यावर पिळू नये, कारण आतले भरण एका जागी गोळा होते. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबावे आणि सावलीत, हवेशीर जागी आडवे ठेवून वाळवावे. बाहेरून कोरडा लागला तरी आतला भाग ओला असू शकतो, म्हणून नाशिकसारख्या ठिकाणी जुलै ते सप्टेंबर या काळात धुणे शक्यतो टाळावे. आतून ओल राहिल्यास भरणाला बुरशी लागून कुबट वास येतो. तसे झालेच तर मानेजवळची शिवण उसवून जुने भरण काढून टाकता येते, विणलेले कवच वेगळे धुता येते आणि नवे भरण घालून तेच डोके पुन्हा त्याच धडावर शिवता येते.